हौदातले मासे कमी होतायत? आधी चोर ओळखा, जाळी नंतर

अंगणातल्या हौदात गोल्डफिश, कोई किंवा गप्पी सोडले की आसपासच्या शिकाऱ्यांना खबर लागायला फार वेळ लागत नाही. पहिला मासा गेला की बहुतेक जण बाजारातून नायलॉनची जाळी आणतात. खरं तर जाळी हा शेवटचा उपाय. आधीची कामं नीट झाली तर ती लागेलच असं नाही.

१. चोर कोण, ते बघा

दिवसाढवळ्या मासा गेला आणि मागे काहीच खूण नसेल, तर बहुधा खंड्या (किंगफिशर) किंवा ढोकरी (तपकिरी अंगाचा छोटा बगळा). खंड्या तारेवर नाहीतर फांदीवर बसून नेम धरतो. ढोकरी काठावर इतकी निश्चल उभी असते की पांढरे पंख पसरून उडाली तरच दिसते. रात्री मासे जात असतील तर रातबगळा, मांजर किंवा दिवड (पाण्यात वावरणारा साप). काठावर खवले आणि अर्धवट खाल्लेला मासा पडला असेल तर मांजर, नाहीतर मुंगूस.

मोठे मासे शाबूत आणि फक्त पिल्लं गायब? मग चोर पाण्यातच आहे: बेडूक, चतुर या कीटकाच्या अळ्या, आणि पुष्कळदा त्या पिल्लांचे आईबापच.

पक्ष्यांना दोष देण्याआधी पाणीही तपासा. मे महिन्यात उथळ हौदात पहाटे प्राणवायू कमी पडून मासे मरतात आणि कावळे फक्त मेलेला मासा उचलून नेतात.

२. खोली आणि काठ

निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. मध्यभागी निदान अडीच-तीन फूट पाणी हवं आणि भिंती सरळ उभ्या हव्यात. हौसेने केलेला उतरता, गोट्यांचा काठ दिसतो सुंदर, पण ढोकरीला तो आयता घाट मिळतो. बांधकाम झालेलं असेल तर काठावर शहाबादी फरशी अशी बसवा, की ती पाण्यावर सहा-सात इंच पुढे येईल. मांजराचा पंजा पोचत नाही आणि मासे फरशीखाली सरकतात.

हौदावर झुकलेली फांदी छाटा. कपडे वाळत घालायची दोरी वरून जात असेल तर ती हलवा, खंड्याची बैठक तीच असते.

३. लपायला जागा

चार इंची पीव्हीसी पाइपचे हात-दीड हात लांबीचे तुकडे तळाशी आडवे ठेवा. कडा घासून गुळगुळीत करा, नाहीतर माशांचे खवले सोलवटतात. फुटका माठ आडवा टाकला तरी चालतो. कमळ किंवा कुमुदिनीच्या पानांनी साधारण अर्धा पृष्ठभाग झाकला की पुरे. पूर्ण झाकू नका, रात्री झाडंही प्राणवायू वापरतात. जलपर्णी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

४. जाळी लावायचीच असेल तर

सैल जाळी पाण्यावर टाकून देणं सगळ्यात वाईट. ती लोंबली की खंड्या त्यातूनही चोच मारतो, आणि जमिनीवर लोळणाऱ्या कडांमध्ये धामण, दिवड अडकून सोलून निघतात. सर्पमित्रांना विचारा, अशा जाळ्या कापण्यात त्यांचा किती वेळ जातो. लोखंडी किंवा बांबूची चौकट करा आणि जाड, ठळक रंगाची जाळी तिच्यावर ताणून, पाण्यापासून फूटभर उंच बसवा. कडा जमिनीला टेकू देऊ नका. पडलेल्या बेडकाला वर चढता यावं म्हणून कोपऱ्यात एक खरखरीत फळी तिरकी ठेवा.

नकली बगळे, चकाकणाऱ्या सीडी यांच्यावर पैसे घालवू नका. पक्ष्यांना त्यांची लवकरच सवय होते.

५. दिवड दिसली तर

दिवड बिनविषारी आहे, पण चिडली की कडकडून चावते, आणि अंगणात साप ओळखण्यात चूक होऊ शकते. म्हणून हात घालू नका. मारणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. जवळच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. विष किंवा चिकट सापळे यांचा विचारही नको.

हल्ल्यानंतर मासे काही दिवस वर येत नाहीत, खाणं तसंच तरंगत राहतं. तेव्हा अगदी चिमूटभर टाका आणि उरलेलं गाळून काढा. एरवीही खाणं काठाला न टाकता मध्यभागी टाका, म्हणजे माशांना काठाशी गोळा व्हायची सवय लागणार नाही.