पैसे भरले, पण अ‍ॅप ओळखच देत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मावशीने फोन बदलला. चित्रं काढायच्या एका अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी तिने आधीच भरलेली. नव्या फोनवर अ‍ॅप उघडलं तर वर ‘मोफत आवृत्ती’ अशी पट्टी आणि खाली पुन्हा पैसे भरायचं बटण. मला फोन करण्याआधी तिने तीन उद्योग करून ठेवले होते: पासवर्ड दोनदा बदलला, अ‍ॅप काढून परत टाकलं आणि शेवटी वैतागून आणखी एका महिन्याचे पैसे भरले. तिन्हींची गरज नव्हती. वर्गणी शाबूत होती, फक्त जुन्या ईमेलवर. नव्या फोनमध्ये तिने दुसराच ईमेल घातला होता.

अशी बरीच प्रकरणं निस्तरल्यावर माझं एक मत झालंय. पासवर्ड क्वचितच दोषी असतो. बहुतेक वेळा आपण चुकीच्या खात्यातून आत शिरलेले असतो, आणि ते सांगायची तसदी अ‍ॅप घेत नाही. म्हणून आधी खातं शोधायचं, बाकी सगळं नंतर. आणि ते सापडेपर्यंत अ‍ॅप काढून टाकायचं नाही.

आधी पावती शोधा

एका अ‍ॅपमागे दोन खाती असतात. एक दुकानाचं, म्हणजे अँड्रॉइडवर गूगलचं आणि आयफोनवर अ‍ॅपलचं. पैसे त्यातून जातात. दुसरं खुद्द अ‍ॅपचं, ज्यात तुम्ही लॉगिन करता. दोन्हींचा ईमेल एकच असेल असं नाही. काही अ‍ॅप खरेदी दुकानाच्या खात्याला बांधतात, काही स्वतःच्या खात्याला. त्यातून वर्गणी अ‍ॅपच्या संकेतस्थळावर भरली असेल, तर दुकानाच्या दप्तरी तिची नोंदच नसते.

यातला कुठला प्रकार आपला आहे, ते पावतीवरून कळतं. तुमच्याकडे जितके ईमेल असतील तितक्या सगळ्या इनबॉक्समध्ये अ‍ॅपचं नाव टाकून शोधा. स्पॅमही बघा. पावती गूगलकडून आली असेल तर ऑर्डर क्रमांकाची सुरुवात ‘जीपीए’ने होते. अ‍ॅपलकडून आली असेल तर तिच्यावर खात्याचा ईमेल असतो. आणि पावती थेट अ‍ॅपच्या कंपनीकडून आली असेल, तर दुकानात शोधाशोध करून हाती काही लागणार नाही. ज्या ईमेलवर ती आली त्यानेच अ‍ॅपमध्ये लॉगिन करून बघा.

पावती दुकानाची निघाली तर पुढचं असं करा:

१. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या फोटोवर टॅप करा. तिथे दिसणारा ईमेल पावतीवरचाच आहे का? नसेल तर तिथल्या तिथे खातं बदला. आयफोनवर सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टॅप करून ‘मीडिया अँड पर्चेसेस’ बघा. आयक्लाउडचं खातं एक आणि खरेदीचं दुसरं, असंही असू शकतं.

२. त्याच खात्यात ‘सबस्क्रिप्शन्स’ची यादी उघडा. वर्गणी चालू आहे, संपली आहे की कार्ड नाकारल्यामुळे अडकली आहे, हे तिथे दिसतं.

३. मग अ‍ॅपमध्ये जाऊन ‘रिस्टोअर पर्चेसेस’ दाबा. हे बटण बहुधा अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये किंवा पैसे मागणाऱ्या पडद्याच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतं.

‘रिस्टोअर’ने कायमची खरेदी आणि चालू वर्गणी परत येते. खेळातली नाणी, हिरे, एकदा वापरून संपणाऱ्या वस्तू येत नाहीत. त्यांचा हिशेब खेळाच्या खात्यात असतो, आणि पाहुणा म्हणून खेळत असाल तर अनेकदा तो फक्त त्या फोनपुरता असतो. अँड्रॉइडवर आणखी एक गोष्ट लोकांना खटकते. प्ले स्टोअरच्या फॅमिली लायब्ररीत विकत घेतलेलं अ‍ॅप घरच्यांना वापरता येतं, पण अ‍ॅपच्या आत केलेली खरेदी तिथे वाटून घेता येत नाही. तो बिघाड नाही, नियमच तसा आहे.

आत कुठल्या दारातून गेला होतात?

लॉगिनच्या पडद्यावर चार दारं असतात: गूगलचं बटण, अ‍ॅपलचं बटण, ईमेल आणि मोबाइल क्रमांक. खातं उघडताना गूगलचं बटण दाबलं असेल, तर त्या अ‍ॅपसाठी पासवर्ड बहुतेक कधी तयारच झालेला नसतो. मग आपण ‘पासवर्ड विसरलात?’ दाबत राहतो आणि मेलची वाट बघतो. इथे एक बारकावा आहे. ‘या पत्त्यावर खातं असल्यास मेल पाठवला आहे’ असं अनेक अ‍ॅप सरसकट दाखवतात, खातं असो वा नसो. कोणाचं खातं आहे हे परक्याला कळू नये म्हणून तसं करतात. त्यामुळे पाच-दहा मिनिटांत मेल आला नाही, स्पॅममध्येही नाही, तर त्या पत्त्यावर खातं नसावं असं धरून दुसरं दार ठोठवा.

अ‍ॅपलचं दार जरा फसवं आहे. २०१९ पासून ‘साइन इन विथ अ‍ॅपल’मध्ये आपला ईमेल लपवायची सोय आहे. ती निवडली की अ‍ॅपला एक बनावट वाटेल असा लांबलचक पत्ता मिळतो आणि त्यावरचे मेल आपल्याकडे वळते होतात. काही महिन्यांनी आपण खऱ्या ईमेलने लॉगिन करायला जातो, अ‍ॅप म्हणतं असा कोणी नाही, आणि त्याच्या परीने ते खरंच बोलत असतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘साइन इन विथ अ‍ॅपल’ असं टाकलं की तुम्ही त्या बटणाने उघडलेल्या खात्यांची यादी मिळते. गूगलवाल्यांसाठी अशीच यादी गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात, जोडलेल्या अ‍ॅपच्या खाली असते. सगळ्या मार्गदर्शनातून एकच गोष्ट करायची असेल, तर ही यादी बघा. कुठे कुठे खाती उघडून ठेवलीत ते पाहून आश्चर्य वाटेल.

जीमेलवाल्यांनी टिंबांकडेही लक्ष द्यावं. पत्त्यातल्या नावात टिंब असलं काय आणि नसलं काय, जीमेलला दोन्ही सारखेच. अ‍ॅपला मात्र ते दोन वेगळे पत्ते वाटू शकतात, आणि मग एकाच इनबॉक्सवर दोन खाती उघडलेली निघतात. शिवाय कीबोर्ड पत्त्याच्या शेवटी गुपचूप एक मोकळी जागा टाकतो, तीही पुसून बघा.

कोड येत नाही, किंवा येऊनही चालत नाही

एसएमएसचा कोड पुन्हा पुन्हा मागवू नका. बहुतेक ठिकाणी नवा कोड निघाला की जुना बाद होतो. आपण घाईत तिसऱ्यांदा मागवतो, तेवढ्यात पहिला येतो आणि तो टाकला की ‘चुकीचा कोड’. वर काही चुकांनंतर खातं थोडा वेळ बंद होतं ते वेगळंच. दोनदा मागवून आला नाही तर थांबा. विमान मोड चालू-बंद करा, ब्लॉक केलेले संदेश बघा, दोन सिम असतील तर नोंदवलेला क्रमांक चालू आहे ना ते तपासा.

ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला, म्हणजे एसएमएसशिवाय फोनवरच तयार होणारा, सहा आकडी कोड नाकारला जात असेल तर फोनचं घड्याळ बघा. हा कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. प्रवासात कोणी हाताने वेळ बदलली असेल आणि घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे असेल, तर प्रत्येक कोड चुकीचाच ठरणार. तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’वर टाका, पुन्हा प्रयत्न करा. याच घड्याळामुळे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे संदेशही येतात.

दोष आपला, फोनचा की पलीकडचा?

याची एक सोपी चाचणी आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये त्या सेवेचं संकेतस्थळ उघडून तिथे लॉगिन करा. झालं, तर खातं ठीक आहे आणि गडबड अ‍ॅपमध्ये आहे. नाही झालं, तर अ‍ॅपशी झगडण्यात अर्थ नाही. आणि कोणाचंच होत नसेल तर गप्प बसणं उत्तम. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा ‘फेसबुकने लॉगिन करा’ या बटणावर विसंबलेली इतर अ‍ॅपही लोकांना उघडता येईनात. अशा वेळी जो पासवर्ड बदलत बसतो, तो नसलेली अडचण ओढवून घेतो.

गडबड अ‍ॅपमध्ये असेल तर हलक्या उपायापासून सुरुवात करा. अ‍ॅप फोर्स स्टॉप करून, म्हणजे पूर्ण बंद करून, पुन्हा उघडा. व्हीपीएन (इंटरनेटची वाट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारी सेवा) आणि जाहिराती अडवणारं काही असेल तर थोडा वेळ बंद ठेवा. अ‍ॅप अपडेट करा. अँड्रॉइडवर लॉगिनची खिडकी पांढरीफटक राहत असेल किंवा अ‍ॅप आपोआप बंद पडत असेल, तर ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ (अ‍ॅपच्या आत वेबपानं दाखवणारा फोनचा भाग) आणि क्रोमही अपडेट करा. मार्च २०२१ मध्ये याच वेबव्ह्यूच्या एका सदोष अपडेटमुळे अनेक अ‍ॅप धडाधड बंद पडत होती. मग ‘क्लिअर कॅशे’, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फायली पुसणं. त्याने काही जात नाही. ‘क्लिअर डेटा’ मात्र वेगळं प्रकरण आहे. अपलोड न झालेली चित्रं, मसुदे, पाहुणा म्हणून खेळलेला खेळ, सगळं त्यात पुसलं जाऊ शकतं. आयफोनवर ‘ऑफलोड’ने अ‍ॅप निघतं पण त्यातली माहिती राहते, ‘डिलीट’ने तीही जाते.

पैसे अडकले किंवा परत हवे असतील

पैसे गेल्याचा संदेश आला पण अ‍ॅप उघडलं नाही, तर पुन्हा ‘पे’ दाबू नका. व्यवहार ‘पेंडिंग’ असू शकतो; दुकानाच्या ऑर्डर इतिहासात त्याची अवस्था दिसते. तिथे रद्द दिसत असेल तरच दुसरा प्रयत्न करा.

परतावा मागायचा तर लवकर मागा. गूगल प्लेवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत गूगलकडेच अर्ज करता येतो. त्यानंतर अ‍ॅप बनवणाऱ्याशी बोलावं लागतं. अ‍ॅपलसाठी ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचं पान आहे, तिथे खरेदी निवडून कारण लिहायचं. दोन्हीकडे निर्णय त्यांचा. मावशीने भरलेले ते जादा पैसे त्याच रात्री अर्ज केल्यामुळे परत आले.

अ‍ॅप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक फसतात. ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्दच करावी लागते. अ‍ॅपलवर मोफत चाचणी सोडायची असेल तर ती संपायच्या किमान २४ तास आधी.

मदत मागताना

मदतीचा दुवा अ‍ॅपमधून किंवा दुकानातल्या अ‍ॅपच्या पानावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करू नका. कोड विचारणारा किंवा पडदा दाखवायला सांगणारा माणूस चोर आहे असं समजून फोन ठेवा. ‘माझं अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहिलं की प्रश्नोत्तरांत चार दिवस जातात. त्यापेक्षा असं लिहा:

‘वार्षिक वर्गणी अमुक तारखेला घेतली, ऑर्डर क्रमांक हा. दुकानाचं खातं हा ईमेल, अ‍ॅपमधलं खातं तो ईमेल. रिस्टोअर केल्यावर “खरेदी सापडली नाही” असं येतं. ब्राउझरमध्ये लॉगिन होतं. फोनचं मॉडेल आणि अ‍ॅपची आवृत्ती अशी. पडद्याचा फोटो जोडला आहे.’

पासवर्ड, कोड किंवा कार्डाचा पूर्ण क्रमांक त्यात कधीच नको.

आणि फोन बदलणार असाल तर जुना लगेच पुसू नका. ऑथेंटिकेटर नव्या फोनवर नेलाय, गूगल खात्याचे दहा बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे) कागदावर उतरवलेत, प्रत्येक महत्त्वाचं अ‍ॅप एकदा उघडून पाहिलंय, एवढं झाल्यावरच. एखादं खातं कधीच न उघडणाऱ्या जुन्या जीमेलवर असेल तर त्याचा पत्ता आत्ताच बदला. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल हटवू शकतं, आणि मग ‘पासवर्ड विसरलात?’चा मेल यायला पत्ताच उरत नाही.