पॅलिन्ड्रोम ओळखणारा पहिला प्रोग्राम: या चुका टाळा

इंदूरला रामबागेतील माझ्या घरी दर रविवारी सकाळी काही मुले पायथन ही संगणकाची भाषा शिकायला येतात. व्हेरिएबल (माहिती साठवणारे नाव), लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे) आणि अट एवढे शिकून झाले की मी त्यांना पॅलिन्ड्रोम ओळखणारा प्रोग्राम लिहायला सांगतो. उलट वाचला तरी तोच राहणारा शब्द म्हणजे पॅलिन्ड्रोम. कनक, नयन, जलज, सरस, कडक हे सगळे त्यातलेच. व्याख्या एका ओळीत मावते, म्हणून प्रोग्रामही एका ओळीत मावेल असे मुलांना वाटते, आणि त्या घाईतून ज्या चुका होतात त्या मी इतकी वर्षे जशाच्या तशा पाहत आलो आहे की त्या एकदा लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

ती एक ओळ कोणती, हे बहुतेकांना आधीच कोठून तरी समजलेले असते: शब्द == शब्द[::-1], म्हणजे शब्द आणि त्याचे उलटे रूप सारखे आहे का ते पाहणे. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचे नाव देवनागरीत चालते, त्यामुळे ही ओळ आहे तशी टाइप केली तरी चालेल. ती चुकीची नाही. तरीही पहिल्याच आठवड्यात ती वापरू देण्यास मी तयार नसतो, कारण ज्याने पहिले अक्षर शेवटच्याशी, दुसरे उपांत्याशी असे स्वतः ताडून पाहिलेले नाही, त्याला उत्तर चुकल्यावर कोठे पाहायचे हेच कळत नाही. मी प्रत्येकाला चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर असा शब्द लिहायला लावतो, चौकटींना शून्यापासून क्रमांक द्यायला लावतो आणि दोन्ही टोकांना एकेक बोट ठेवून आत सरकायला सांगतो. यात दहा मिनिटे जातात आणि अधीर मुलांना ती फार वाटतात, पण पुढची निम्मी दुरुस्ती याच दहा मिनिटांत होऊन जाते.

लूप लिहायला घेतल्यावर सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पहिल्याच जोडीवर निकाल देऊन मोकळे होणे. लूपच्या आत ‘दोन्ही अक्षरे सारखी असतील तर खरे परत कर, नाहीतर खोटे परत कर’ असे लिहिले जाते. वाचताना ते बरोबर वाटते, आणि कनक, नयन, जलज हे शब्द दिल्यावर उत्तरेही बरोबर येतात. ‘इंदूर’ दिले तर ‘नाही’ असे येते, तेही बरोबरच. मग मी ‘रविवार’ द्यायला सांगतो. पहिले अक्षर र, शेवटचेही र. प्रोग्राम तेवढेच पाहतो आणि पॅलिन्ड्रोम असल्याचे सांगून थांबतो. जोडी जुळली नाही तर ‘खोटे’ लगेच परत करता येते, कारण एक विजोड जोडी पुरेशी असते. ‘खरे’ मात्र लूप पूर्ण संपल्यावर, लूपच्या बाहेरच परत करायचे. ‘हो’ म्हणण्यासाठी सगळ्या जोड्या पाहाव्या लागतात.

काही चुकांना फार शब्द लागत नाहीत. शेवटच्या अक्षराचा क्रमांक लांबीएवढा नसतो, लांबीपेक्षा एकने कमी असतो. इंडेक्स एररचे, म्हणजे नसलेल्या क्रमांकाचे अक्षर मागितल्यावर येणाऱ्या चुकीच्या संदेशाचे, कारण बहुधा एवढेच असते. इंग्रजी अक्षरे लहान करणारी ‘लोअर’ ही पद्धत मूळ शब्द बदलत नाही, नवा शब्द देते. तो साठवून ठेवला नाही तर मोठ्या एमने सुरू होणारा ‘मॅडम’ इंग्रजी लिपीत नापासच होणार, कारण संगणकाच्या दृष्टीने मोठ्या एमचा क्रमांक ७७ आहे आणि लहान एमचा १०९. क्रम उलटा करणाऱ्या ‘रिव्हर्स्ड’ने मिळालेली वस्तू म्हणजे शब्द नव्हे, त्यामुळे तिची शब्दाशी थेट तुलना केल्यास उत्तर कायम ‘नाही’ असेच येते. फाईलमधून वाचलेल्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीचे अदृश्य चिन्ह असते, ते आधी काढून टाकावे. शब्दाऐवजी संख्या पॅलिन्ड्रोम आहे का हे पाहण्यासाठी ती उलटी करताना तीच संख्या दहाने भागत नेली तर लूपच्या शेवटी ती शून्य झालेली असते. तुलनेसाठी मूळ संख्येची प्रत आधीच वेगळी ठेवावी. भागाकार पूर्णांकी उत्तर देणाऱ्या // या चिन्हानेच करावा, आणि ऋण संख्या लूपमध्ये शिरू देऊ नये, कारण −१२१ ला पायथनमध्ये असे भागत गेल्यास ती −१ वर येऊन तेथेच अडकते.

आता ज्या चुकीसाठी मी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. मागे दहावीतल्या एका मुलीने लूप अगदी नीट लिहिला होता. तिने ‘नवजीवन’ हा शब्द दिला आणि उत्तर ‘नाही’ असे आले. शब्द उलटा करून छापला तेव्हा पडद्यावर ‘नवीजवन’ दिसले. ‘मामा’ आणि ‘काका’ यांनाही ‘नाही’च. संगणकाला मराठी येत नाही, असा निष्कर्ष काढून ती निराश झाली. वस्तुतः संगणक त्याला दिलेले काम चोख करत होता. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत मात्रा, म्हणजे काना, वेलांटी, उकार यांसारखी खूण, हे स्वतंत्र चिन्ह असते: ‘नवजीवन’मध्ये न, व, ज, ी, व, न असे सहा कोड पॉइंट (क्रमांक असलेली चिन्हे) आहेत, तर आपण पाच अक्षरे मोजतो. उलटताना ज आणि त्याची वेलांटी यांचा क्रम बदलतो आणि वेलांटी शेजारच्या व ला जाऊन चिकटते. ‘इंदूर’ची लांबी विचारली तर तीनऐवजी पाच येते, तेही याच कारणाने. ऱ्हस्व वेलांटी तर डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, पण साठवली जाते व्यंजनानंतर.

पुढच्या रविवारी ती आनंदाने आली. कोठून तरी तिने एक उपाय शोधला होता: शब्दातील रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे काढण्यासाठी ‘इजअलनम’ ही, चिन्ह अक्षर किंवा अंक आहे का हे सांगणारी, तपासणी लावायची आणि तिच्यातून जे पार पडेल तेवढेच ठेवायचे. आता ‘नवजीवन’ला ‘हो’ येत होते, मामा-काकांनाही ‘हो’. मी ‘मामी’ द्यायला सांगितले, ‘हो’. ‘काकू’ला ‘हो’. ‘रविवार’लाही ‘हो’. पहिल्या जोडीची चूक तिच्या प्रोग्राममध्ये नव्हतीच, त्यामुळे मलाही वही पुढे ओढून बसावे लागले. कारण सापडले ते असे की पायथनची ही तपासणी मात्रांना अक्षर मानत नाही. ती अनुस्वार, वेलांट्या, काने आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) सगळे गाळून टाकते. ‘रविवार’चे उरते ‘रववर’, ‘मामी’चे ‘मम’, आणि ‘नवजवन’ पॅलिन्ड्रोम असल्यामुळे ‘नवजीवन’ही पास होते. तिला बरोबर उत्तर मिळत होते ते चुकीच्या कारणाने, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी याहून घातक अवस्था दुसरी नाही, कारण चुकीचे उत्तर निदान आपल्याला थांबवून विचार करायला लावते. न समजलेला उपाय उचलून लावण्याला माझा विरोध आहे तो याचसाठी.

दुरुस्ती लांबलचक नाही. आधी एक रिकामी यादी घ्यावी आणि शब्दातील कोड पॉइंट एकेक करून पाहावेत. पायथनसोबत येणाऱ्या ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील (तयार फंक्शनांच्या संचातील) ‘कॅटेगरी’ हे फंक्शन प्रत्येक चिन्हाचा वर्ग सांगते. मात्रा, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त यांचा वर्ग एम या अक्षराने सुरू होतो. चिन्ह अशा वर्गातले असेल, किंवा यादीतील शेवटच्या घटकाचा शेवट हलन्ताने होत असेल, तर नवे चिन्ह त्या शेवटच्या घटकालाच जोडावे. एरवी त्याचा नवा घटक करावा. अशाने ‘जी’ एका चौकटीत राहते आणि जोडाक्षरही फुटत नाही. झिरो विड्थ जॉइनरसारखी अदृश्य चिन्हे, रिकाम्या जागा आणि विरामचिन्हे मात्र त्याआधी नावानिशी काढून टाकावीत. मग तुलना शब्दाची न करता यादीची करावी. यानंतर ‘टेप आणा आपटे’, ‘रामाला भाला मारा’ आणि ‘ती होडी जाडी होती’ ही तिन्ही वाक्ये पास होतात, आणि ‘रविवार’ नापास होतो.

एवढे झाल्यावर त्याच मुलीच्या प्रोग्रामने एक वेगळाच प्रश्न उभा केला. ‘तो कवी डालडा विकतो’ या वाक्याला तिच्या संगणकावर ‘हो’ येत होते आणि माझ्या संगणकावर ‘नाही’, प्रोग्राम एकच असूनही. इंदूरच्या आमच्या मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते, मराठी ती घरी शिकतात. तिने हिंदीच्या सवयीने ‘कवि’ ऱ्हस्व लिहिले होते, मी मराठीच्या नियमाप्रमाणे दीर्घ. मराठी शुद्धलेखनाप्रमाणे लिहिले की एका बाजूला ‘वी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वि’ येते, आणि काटेकोर पाहिल्यास हे वाक्य पॅलिन्ड्रोम राहत नाही. ‘चिमा काय कामाची’ याचेही तसेच आहे. येथे प्रोग्राम चुकलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे मानायचे की नाही हे आपणच ठरवलेले नव्हते. काही मुले अशा वेळी सगळीकडची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करून टाकतात आणि त्याचा कोठे उल्लेखही करत नाहीत, ते मला पटत नाही. मी दोन निकाल छापायला सांगतो, एक ‘लेखनानुसार’ आणि दुसरा ‘ऱ्हस्व-दीर्घ भेद न मानता’, आणि दुसऱ्यासाठी मात्रांप्रमाणेच इ-ई आणि उ-ऊ हे सुटे स्वरही एकच धरायला सांगतो. तिच्या वहीत त्या वाक्यापुढे आता ‘नाही’ आणि ‘हो’ अशी दोन्ही उत्तरे लिहिलेली आहेत.