बेळगाव-निपाणीच्या उद्योगातून परदेशी विनिमय कार्यक्रमाला जायचे असेल तर

परदेशी विनिमय कार्यक्रमाचा विचार करताना आपल्याकडील बहुतेक तरुण आधी कार्यक्रमांची यादी शोधतात, मग मुदत पाहतात आणि अर्जात काय लिहायचे ते शेवटच्या रात्री ठरवतात. हा क्रम उलटा असावा. उद्यमबागेतील फाउंड्री, शहापूर-वडगावचे यंत्रमाग, अथणी-निपाणीकडील चर्मकाम किंवा खानापूर भागातील काजू प्रक्रिया यांपैकी आपला धंदा कोणता, परदेशातील कोणत्या शहराशी तो जोडता येईल आणि त्यासाठी तेथे काही आठवडे राहण्याची गरज का आहे, हे एका पानावर लिहून काढल्याशिवाय कोणत्याही कार्यक्रमाचा अर्ज उघडू नये.

हे उत्तर किती नेमके असावे, ते ओतकामाच्या उदाहरणावरून पाहू. “जर्मन तंत्रज्ञान आत्मसात करून देशाच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा आहे” या वाक्यातून निवड समितीच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “आमच्या फाउंड्रीत पंपांच्या भागांचे कास्टिंग एफजी २६० आणि एसजी ४००/१५ या ओतीव लोखंडाच्या ग्रेडमध्ये होते. युरोपातील खरेदीदार त्यांच्या जवळपासच्या ईएन-जीजेएल-२५० आणि ईएन-जीजेएस-४००-१५ या युरोपीय ग्रेडची मागणी करतात व मालाबरोबर चाचणीचा दाखला मागतात. पंप बनवणारी मध्यम आकाराची कंपनी नवा पुरवठादार कसा पारखते, हे तिच्या खरेदी विभागात बसून पाहण्याचा माझा उद्देश आहे.” एवढ्यात धंदा कळला, अडचण कळली आणि तेथे कोणाच्या टेबलाशेजारी बसायचे तेही कळले. सोबत महिन्याची क्षमता टनांत, कामगारांची संख्या आणि उद्यम नोंदणी द्यावी. आकडे फुगवू नयेत, कारण पुढे ऑर्डरची बोलणी निघाली की यजमान कंपनी याच कागदावर बोट ठेवते.

चर्मकामातील अर्जदारांची बाजू तर अधिक भक्कम आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. त्यामुळे अथणीच्या अर्जदाराने त्या नावाचा आधार घेताना संकोच करण्याचे कारण नाही. युरोपीय संघात त्वचेला स्पर्श करणाऱ्या चामडी वस्तूंत षट्‌संयुजी क्रोमियमचे (क्रोमने कमावलेल्या कातड्यात तयार होऊ शकणाऱ्या अपायकारक प्रकाराचे) प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. झाडांच्या साली वापरून कमावलेल्या कातड्यात क्रोम पडतच नाही, ही आपली जमेची बाजू. मात्र ती प्रयोगशाळेच्या अहवालासह मांडावी, नुसती तोंडी सांगू नये. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने याच घाटाच्या चपला उत्पत्तीचा उल्लेख न करता दाखवल्या, त्यावर गदारोळ झाला आणि डिसेंबरात त्या कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इटलीत यजमान शोधताना हा संदर्भ द्यावा, पण तक्रारीच्या सुरात नव्हे.

कार्यक्रमाची निवड

जर्मनीच्या बाबतीत सीमाभागाची स्थिती काहीशी चमत्कारिक आहे. कर्नाटकाची भागीदारी २००७ पासून बव्हेरिया या जर्मन राज्याशी आहे, तर महाराष्ट्राची २०१५ पासून बाडेन-व्युर्टेम्बर्गशी (राजधानी स्टुटगार्ट), आणि मुंबई-स्टुटगार्ट हे भगिनी-शहरांचे नाते तर १९६८ चे. आपला पत्ता कर्नाटकातला, पण धंद्याचे बरेचसे व्यवहार कोल्हापूर-पुण्याशी. माझ्या मते राज्याच्या शिफारशीची गरज असेल तेथे बव्हेरियाचा मार्ग धरावा आणि यजमान कंपनी स्वतः शोधायची असेल तेथे पुण्यातील ओळखी वापरून स्टुटगार्टकडेही पत्रे धाडावीत. दोन्ही दारे ठोठावण्यात गैर काही नाही.

छोट्या-मध्यम उद्योगांत निर्णय घेण्याचा अधिकार असणाऱ्यांसाठी जर्मन सरकारचा व्यवस्थापक प्रशिक्षण कार्यक्रम आहे. त्यात भारत २००८ पासून सहभागी आहे आणि काही आठवड्यांच्या मुक्कामात कंपन्यांच्या भेटी ठरवून दिल्या जातात. वडिलांच्या कारखान्यात नुकतेच बसू लागलेल्यांनी अर्ज करण्यापूर्वी आपल्याकडे खरोखर कोणते निर्णय आहेत, हे तपासावे. पदवीधरांना वर्षभर राहता येणार असेल, तर हुम्बोल्ट प्रतिष्ठानची जर्मन चान्सलर फेलोशिप पाहावी. ती मोजक्या देशांसाठी आहे व त्यांत भारत आहे, पण यजमान अर्जदारानेच मिळवायचा असतो. जपानसाठी एओटीएस ही १९५९ मध्ये स्थापन झालेली संस्था कारखान्यातील लोकांना व्यवस्थापन व उत्पादनाचे प्रशिक्षण देते. तेथील सरकारी अनुदान धरूनही सहभाग शुल्काचा काही भाग आपल्याला भरावा लागतो, याची तजवीज आधी करावी.

ब्रिटनच्या तरुण व्यावसायिक योजनेबद्दल विचारणा फार होते. १८ ते ३० वयाच्या पदवीधरांना सोडतीतून दोन वर्षांचा व्हिसा देणारी, खात्यात २,५३० पौंड दाखवायला लावणारी ही योजना नोकरीसाठी ठीक आहे. धंद्याचा संबंध जोडून देण्याची जबाबदारी त्यात कोणी घेत नाही.

पाठीशी संस्था हवी

एकटा माणूस परत आला की ओळख त्याच्या मोबाइलमध्येच राहते. म्हणून बेळगाव चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीज किंवा आपल्या व्यवसायाची संघटना यांचे पत्र अर्जाबरोबर असावे, आणि त्यात “अर्जदार होतकरू आहे” याऐवजी परतल्यावर अर्जदार कोणासमोर माहिती मांडेल व यजमान शहरातील प्रतिनिधींना संघटना कोणते कारखाने दाखवेल, हे लिहून घ्यावे. रोटरी या सेवासंस्थेचा ३१७० हा प्रांत बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्याला एकत्र धरतो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या तरुणांचा एक गट करून पाठवायचा असेल, तर तेथे विचारणा करणे सोयीचे पडते. जेसीआय या तरुणांच्या जागतिक संघटनेत १८ ते ४० वयाचे सभासद असतात आणि तिच्या शाखा परदेशी शाखांशी जुळे संबंध जोडतात.

कागदपत्रे

येथे घाई नडते. २०१४ पूर्वीच्या दाखल्यांवर बेळगावचे नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने आणि नंतरच्यांवर नव्या स्पेलिंगने असते; त्यात कन्नड शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षरे आणि मराठी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव व आडनाव, असाही फरक पडतो. पासपोर्टवर नाव जसे आहे तसेच अर्जात, पदवीवर व बँकेच्या कागदांवर आहे का, हे शेजारी ठेवून अक्षरशः जुळवावे. फरक निघाल्यास प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्यावे. पासपोर्टसाठी बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातील केंद्र चालते. कन्नड किंवा मराठी दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि मागितल्यास परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण) लागते, ज्याच्या आधी राज्य पातळीवरील प्रमाणीकरण होते. व्हिसासाठी कोल्हापूरच्या मित्राबरोबर मुंबईचा बेत आखण्यापूर्वी आपला पत्ता कोणत्या वकिलातीच्या कार्यक्षेत्रात येतो ते पाहावे. जपानच्या बाबतीत कर्नाटकातील अर्जदार बेंगळुरूच्या वकिलातीकडे येतात.

मुक्काम आणि परतीनंतर

वजनदार कास्टिंग किंवा चपलांचे नमुने प्रदर्शनात मांडून परत आणायचे असतील, तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्नेट (माल तात्पुरता परदेशी नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) घ्यावे, म्हणजे तेथील सीमाशुल्क भरावे लागत नाही. दर शुक्रवारी एक पानाची नोंद संघटनेला पाठवावी: कोणाला भेटलो, त्यांनी काय मागितले, येथे ते कोण पुरवू शकेल. निर्यातीची शक्यता दिसताच येथील भागीदाराला आयातदार-निर्यातदार कोड काढून ठेवण्यास सांगावे, कारण त्याशिवाय पहिला नमुनाही विक्री म्हणून जाणार नाही.

यजमानाला उलट भेटीचे आमंत्रण परतल्यापासून महिन्याभरात, संघटनेच्या पत्रकागदावर, तारखांसह द्यावे. भारताच्या व्यावसायिक व्हिसासाठी त्यांना ते पत्र लागतेच. पाहुणा हॉटेलऐवजी घरी उतरणार असेल, तर तो आल्यापासून २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरण्याची जबाबदारी घरमालकाची असते. त्यासाठीची नोंदणी पाहुणा विमानात बसण्याआधीच करून ठेवावी.