स्लायडरला भूप शिकवा

गिरगावातल्या आमच्या खोलीत मी प्युअर डेटा या आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर पहिल्यांदा थेट ऑसिलेटरला, म्हणजे सूर काढणाऱ्या चौकोनाला, जोडला, तेव्हा शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "मांजर अडकलंय का रे कुठे?" त्यांचं चुकलं नव्हतं. स्लायडर सरकेल तसा आवाज सगळ्या सुरांवरून घसरत जातो, थांबत कुठेच नाही. त्याला थांबायच्या पाच जागा देऊ, भूप रागाचे सूर: सा रे ग प ध.

प्युअर डेटा फुकट मिळतं. चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे.

आधी सा ठरवा. मी काळी एक धरतो. मिडीच्या मोजणीत (तिथे प्रत्येक अर्ध्या सुराला एक आकडा असतो) खालच्या सप्तकातली काळी एक म्हणजे ४९. स्लायडरची रेंज ४९ ते ७३ ठेवा, दोन सप्तकं झाली.

मग 'पुट' मेनूतून १२ खणांचा ॲरे, म्हणजे तक्ता, घ्या, नाव 'भूप'. खणांत क्रमाने भरा: ०, ०, २, २, ४, ४, ७, ७, ७, ९, ९, १२. (आलेख चौकटीबाहेर जाईल, जाऊ द्या.) सा पासून जितके अर्धे सूर वर, तितक्या क्रमांकाचा खण, शून्यापासून मोजून; आत भूपातला जवळचा सूर. कोमल रे हा सा आणि रे यांच्या बरोबर मध्ये येतो, तो मी सा कडे ढकललाय. तुम्ही रे कडे ढकला, हरकत नाही. शेवटचा १२ म्हणजे वरचा सा. तिथे ० लिहिलंत तर शुद्ध नी वरून सूर धाडकन सप्तकभर खाली कोसळेल.

आता तारा. स्लायडरमधून ४९ वजा करा, ०.५ मिळवा, 'इंट'मधून काढा, म्हणजे आकडा पूर्णांक होतो. पुढे 'ट्रिगर एफ एफ'. त्याची उजवी तार 'डिव १२' (पूर्ण भागाकार), मग 'गुणिले १२' करून बेरजेच्या उजव्या तोंडात. डावी तार 'मॉड १२' (उरलेली बाकी), मग 'टॅबरीड भूप' (तक्त्यातला आकडा वाचतो) करून डाव्या तोंडात. ट्रिगर गाळू नका, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली: बेरीज डावीकडून आकडा आला की लगेच होते आणि सप्तक जुनंच राहतं. ट्रिगर आधी उजवीकडे पाठवतो.

बेरजेनंतर 'चेंज' (आकडा बदलला तरच पुढे सोडतो), अधिक ४९, 'एमटूएफ' (मिडीच्या आकड्याची कंपनसंख्या करतो), ऑसिलेटर, आणि आवाज ०.१ ने गुणून 'डॅक', म्हणजे स्पीकरकडे.

खरी गंमत तक्त्यात आहे. पेटीचा ग सा पासून ४०० सेंटवर (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट), तानपुऱ्यातून ऐकू येणारा सुमारे ३८६ वर. एमटूएफला अपूर्णांक चालतात, म्हणून ४ च्या जागी ३.८६ लिहा, रे २.०४, प ७.०२, ध ८.८४. मोबाइलवर काळी एकचा तानपुरा लावा आणि आधी ४, मग ३.८६ ऐका. चार किंचित चढा लागेल.