जुन्या दारं-खिडक्यांना घरच्या घरी रंग देताय? या चुका टाळा

दसरा जवळ आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "मागच्या वर्षी घरीच ऑइल पेंट मारला होता, आता पोपडे निघतायत. रंगच हलका दिला वाटतं दुकानदाराने." मी जाऊन बघतो. दहातल्या नऊ वेळा रंग चांगला असतो, खोट त्याच्या खाली असते. तेलाचा थर, धूळ, ओल, नाहीतर भिंतीची पुट्टी.

या पुट्टीबद्दल आधी बोलतो, कारण "भिंतीची उरली होती, तीच भरली" हे ऐकून ऐकून मी कंटाळलोय. भिंतीची पावडर पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते. पाण्यात कालवायची, सुकली की दगड. भिंत जागची हलत नाही म्हणून ती तिथे टिकते. लाकूड मात्र पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं आणि मार्चपर्यंत पुन्हा आखडतं. त्याच्यासोबत सिमेंट कसं हलणार?

संगमेश्वरजवळ माझ्या आत्याचं घर आहे. ओसरीला सागाच्या जुन्या खिडक्या, झडपांना बारीक भेगा पडलेल्या. घरात लग्न होतं आणि आतेभावाने एप्रिलमध्ये रंगकाम स्वतःच काढलं. मी सांगत होतो, की लाकडाची लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा तेलात मळलेला लगदा, आण, भिंतीची पुट्टी भरू नकोस. तो म्हणाला, "दादा, लग्न आठ दिवसांवर आलंय. आत काय भरलंय ते कोण बघणार आहे?" लग्नात खिडक्या खरंच देखण्या दिसल्या. श्रावणात गेलो तर झडप चौकटीत घट्ट बसलेली. त्याने तळहाताने दणका दिला आणि पंजाएवढी खपली रंगासकट खाली पडली. उचलून पालथी केली तर मागच्या बाजूला सागाच्या रेषा उमटलेल्या, साच्यात काढल्यासारख्या. पुट्टी लाकडाला कुठेही धरली नव्हती, नुसती टेकली होती. आम्ही दोघांनी दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस पत्तीने ते सगळं खरवडण्यात घालवले.

मी अजूनही जुन्या पद्धतीची लांबी घरी मळतो. खडूची पावडर आणि अळशीचं तेल, कणकेसारखं घट्ट. भरायची ती प्रायमरचा एक हात वाळल्यावर. कोऱ्या लाकडावर भरली तर लाकूड तेल शोषून घेतं आणि लांबीचा भुगा होतो. खोल खड्डा एकदम बुजवू नका. आज पातळ थर, तो कडक झाला की दुसरा. बोटभर रुंद भेग असेल तर लांबी नको, सुताराकडून लाकडाची पट्टी बसवून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा, अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. मी ती बाहेर दोरीवर पसरतो आणि पूर्ण वाळली की मगच फेकतो.

दुसरी चूक स्वयंपाकघराच्या दाराची. तिथे वर्षानुवर्षं फोडणीचा धूर बसलेला असतो आणि लोक थेट पॉलिश पेपर घेऊन घासायला लागतात. घासल्याने तेल निघत नाही, ओरखड्यांत आणखी मुरतं. आधी धुवा, मग घासा. मी अर्धी बादली कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालतो, हातमोजे घालून दार खालून वर पुसतो, मग साध्या पाण्याने दोनदा. पांढरं फडकं फिरवून बघायचं. पिवळं निघालं तर पुन्हा धुवायचं. नंतर पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं. हा एक दिवस कुणालाच द्यायचा नसतो आणि मग वर्षभर पोपडे बघत बसावं लागतं. कोऱ्या सागाला मात्र सोडा लावू नका, लाकूड काळवंडतं.

आता जे बोलतो ते घरात लहान मूल असेल तर दोनदा वाचा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. जुनं दार कोरडं घासलं की तीच भुकटी फरशीवर, अंथरुणावर आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावर बसते. म्हणून पाणी लावून वॉटर पेपरनेच घासा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क बांधा, खाली प्लास्टिक अंथरा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने टिपा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत दुसऱ्या घरी राहिलेली बरी. मशीनने घासणं किंवा बत्तीने रंग जाळून काढणं मी कुणाला करू देत नाही, कितीही वेळ वाचत असला तरी.

सगळा जुना रंग काढायलाच हवा असंही नाही. ब्लेडने फुलीसारखी खूण करा, सेलोटेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर रंग आला तर तो थर काढावाच लागेल. नाही आला तर 180 नंबरच्या कागदाने नुसती चमक घालवा. चमक न घालवता वर पाण्यात मिसळणारा इनॅमल रंग दिलात तर तो नखाने सोलून निघेल.

बाकीच्या चुका थोडक्यात. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे रंगवू नका, काढून ठेवा, स्क्रू काडेपेटीत. कोऱ्या सागावर प्रायमरआधी टर्पेंटाइनचं फडकं फिरवा, कारण सागाचं स्वतःचं तेल रंग वाळू देत नाही. नवा ब्रश धुऊन, तळहातावर झटकून घ्या, नाहीतर केस रंगात चिकटतात. एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या, जाड थराला सुरकुत्या पडतात. कोकणात जून ते सप्टेंबर ऑइल पेंटचा डबा उघडूच नका.

दार वाळल्यासारखं वाटलं म्हणून त्याच रात्री लावून घेऊ नका. वरून कोरडा लागला तरी रंग आतून मऊ असतो आणि सकाळी चौकटीचा रंग दाराबरोबर उखडून येतो. मी सकाळी आधी कडा रंगवतो. दोन रात्री दार खाली पोत्याची घडी सारून उघडंच ठेवतो आणि पुढचा आठवडाभर चौकटीत बटर पेपरची पट्टी धरून नुसतं लोटतो. रात्री उघडं ठेवायची भीती वाटलीच तर दारात खाट टाकून झोपतो.