मशीनच्या मापाबाहेरचा ओंडका: आंबा-फणसाचे मोठे बुंधे फिरत्या बँड सॉवर चिरताना

हंगाम: डिसेंबर ते फेब्रुवारी
कोणासाठी: कोकणातील बागायतदार, जुनी मोठी झाडे काढणारे किंवा पडलेली झाडे चिरून घेणारे शेतकरी

डिसेंबरपर्यंत बागेतली जमीन घट्ट होते, हवेतला दमटपणा उतरतो आणि चिरलेल्या फळीला पावसाळ्यापूर्वी चार-पाच महिने कोरडे मिळतात. मोठे झाड चिरायचे तर ते याच दिवसांत. मार्चनंतर चिरलेली आंब्याची जाड फळी जूनच्या पहिल्या पावसात अर्धी ओलीच सापडते आणि बुरशी धरते.

अडचण बहुधा झाडाच्या घेराची असते. जुन्या रायवळ आंब्याचा किंवा फणसाचा बुंधा ९-१० फूट घेराचा असतो आणि गावात येणारे फिरते बँड सॉ मशीन (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्ट्यासारख्या पात्याची करवत) त्या मापाचे नसते. मग ‘बसवून बघू’ म्हणत ओंडका जेसीबीने मशीनवर चढवला जातो आणि निम्म्या कापात मशीनचे डोके (पाते घेऊन ओंडक्यावरून सरकणारा भाग) अडकते. ओंडका मशीनच्या मापाचा करायचा तो जमिनीवरच, चढवण्याआधी.

चिरण्याआधी परवानगीचे पाहा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडे आहेत. मालकीच्या जमिनीतले झाड असले तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. पडलेल्या झाडाचाही पंचनामा करून घेतलेला बरा. आरायंत्राला वनखात्याचा परवाना लागतो, त्यामुळे मशीनवाल्याकडे तो आहे का हे आधीच विचारा. चिरलेला माल बागेबाहेर न्यायचा असल्यास वाहतूक परवान्याबद्दल परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

मशीनची दोन मापे

मशीनवाल्याला ‘किती मोठा ओंडका चालतो?’ एवढेच विचारू नका. मापे दोन असतात. एक, बेडवर (ओंडका ठेवायच्या चौकटीवर) जास्तीत जास्त किती व्यासाचा ओंडका बसतो आणि डोके त्याच्यावरून जाते. दोन, पाते एका वेळी किती रुंद काप घेते, म्हणजे दोन गाइडमधली (पाते सरळ धरणाऱ्या आधारांमधली) मोकळी जागा. दुसरे माप बहुधा पहिल्यापेक्षा कमी असते. पुढची सगळी उदाहरणे ३० इंच व्यास आणि २६ इंच काप घेणाऱ्या मशीनची आहेत. तुमच्या मशीनचे आकडे घालून हिशेब पुन्हा करा.

ओंडक्याचा घेर टेपने मोजा आणि ३.१४ ने भागा, व्यास मिळतो. १० फूट घेर म्हणजे १२० इंच, व्यास सुमारे ३८ इंच. पण बुंधा क्वचितच गोल असतो. दोन्ही टोकांना आडवा आणि उभा असे दोन व्यास घ्या आणि सर्वांत मोठा धरा. मुळांकडचा फुगीर भाग मोजण्याआधीच चेनसॉने तासून टाका. पुष्कळदा तेवढ्यानेच चार-पाच इंच कमी होतात.

वजनाचा अंदाजही याच वेळी घ्या. १० फूट घेर आणि १० फूट लांबीचा ओला आंबा सव्वादोन घनमीटर भरतो, वजन दोन टनांच्या आसपास जाते. म्हणून लांबी गरजेपुरतीच ठेवा. ७ फुटांचे दार करायचे असेल तर साडेसात फुटांवर तोडा. आखूड ओंडका हाताळायला सोपा असतो, शिवाय बुंध्याच्या निमुळतेपणामुळे वाया जाणारे लाकूडही कमी होते.

(व्यापारी मोजमाप करतो ते वेगळे: घेराचा चौथा भाग इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. वरच्या ओंडक्याचे ६२.५ घनफूट येतात. प्रत्यक्षात लाकूड ८० घनफुटांच्या जवळ असते. सौदा करताना हा फरक लक्षात असू द्या.)

मापात बसणारा, पण कापापेक्षा रुंद

३० इंच व्यासाचा ओंडका २६ इंची कापावर थेट मधून चिरता येत नाही, पण त्याला चेनसॉही लावावा लागत नाही. वरून सुमारे साडेसात इंच खोलीपर्यंत फळ्या काढा. तिथे रुंदी २६ इंचांना पोचते. मग ओंडका १८० अंशांत फिरवा आणि दुसऱ्या बाजूने तेवढेच काढा. मध्ये १५ इंच जाडीचा पट्टा उरतो. तो ९० अंशांत उभा केला की काप फक्त १५ इंचांचा राहतो. काम सावकाश होते, पण पाते भरकटत नाही.

दोन-चार इंचांनी मोठा

व्यास ३३ इंच असेल तर दोन समोरासमोरच्या बाजूंनी दोन-दोन इंच तासा. रुंदी २९ इंचांवर येते. ३३ इंच व्यासावर दोन इंच खोल काप सुमारे १६ इंच रुंद होतो, म्हणून चेनसॉची पट्टी निदान १८-२० इंची हवी. दोन्ही टोकांवर ओळंबा धरून उभ्या रेषा मारा, त्यांना जोडणारी दोरी गेरू लावून वरून मारा आणि त्या रेषेने कापा. डोळ्याच्या अंदाजाने तासलेल्या बाजूला मधेच उंचवटा राहतो आणि डोके नेमके तिथेच अडते. चढवण्यापूर्वी पूर्ण लांबीवर सरळ पट्टी फिरवून पाहा.

याहून मोठा: भकले आणि फाका

येथे घाई सर्वांत महाग पडते. ३८ इंचांचा ओंडका मधोमध चिरून दोन भकले केली म्हणजे काम झाले असे वाटते. पण भकल सपाट बाजूने बेडवर ठेवले तर रुंदी ३८ इंचच राहते. सपाट बाजू टेकूंना लावून उभे केले तर उंची ३८ इंच होते आणि डोके तितके वर जात नाही. म्हणून ३४-३५ इंचांपर्यंत भकले करा आणि उभ्या भकलाची वरची कड चेनसॉने चार-पाच इंच उतरवा. त्यापुढे थेट चार फाका करा.

भकल करण्याची रीत अशी. ओंडका दोन आडव्या वाशांवर ठेवा, दोन्ही बाजूंनी पाचरी मारून पक्का करा. दोन्ही टोकांवर ओळंब्याने नारावरून (ओंडक्याच्या मधल्या गाभ्यावरून) जाणारी रेषा मारा, वरून दोरी मारा. आधी पूर्ण लांबीवर दोन इंच खोल चर घ्या. चर सरळ आला तर पुढचा काप आपोआप सरळ येतो. नंतर तीन-चार फेऱ्यांत मध्यापर्यंत जा. ओंडका उलटा करून दुसऱ्या बाजूने तसेच. ३८ इंचांना प्रत्येक बाजूने १९ इंच जायचे असल्यामुळे २४ इंची पट्टी लागते. काप मिटू लागला की मागे लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोका. लोखंडी पाचरीला साखळी लागली तर दात जातात.

पट्टी ओंडक्याच्या लांबीला समांतर आडवी ठेवून कापले की शेवयांसारखे लांब धागे निघतात आणि काम भराभर होते. मात्र हे धागे साखळीच्या झाकणात गच्च भरतात, म्हणून पट्टी जराशी तिरकी धरा आणि दर दोन-तीन फुटांनी झाकण मोकळे करा. साखळीचे दात नेहमीच्या ३० अंशांऐवजी १० अंशांवर घासलेले असतील तर लांबीच्या दिशेचा काप स्वच्छ येतो. ७० सीसीपेक्षा लहान चेनसॉला हे काम देऊ नका, तो तापून बंद पडतो. चेनसॉचा काप ९-१० मिलिमीटर लाकूड खातो आणि बँड सॉचे पाते सुमारे दोन. त्यामुळे चेनसॉचे काप कमीत कमी आणि नाराच्या रेषेतच घ्या, कारण नाराजवळचे दोन-तीन इंच तसेही तडकतात.

फाका करताना भकल सपाट बाजूने वाशांवर पालथे घाला आणि वरून खाली एकच काप घ्या. पालथे भकल हलत नाही. खाली वासे नसतील तर साखळी मातीत शिरून क्षणात बोथट होते.

फाक मशीनवर छान बसते. एक सपाट बाजू बेडवर, दुसरी टेकूंना, कोन गुनियासारखा. बेडलगतच्या फळ्यांत उभ्या रेषा येतात. त्या कमी वाकतात, त्यामुळे दारे-चौकटींसाठी त्याच वेगळ्या ठेवा. सालीकडच्या अरुंद फळ्या रिपांना आणि पेट्यांना चालतात.

मशीन मांडताना

दोन टनांचा भार येणार म्हणून बेडच्या प्रत्येक पायाखाली कठीण जागा हवी. लाल मातीवर नुसती फळी टाकून भागत नाही, चिऱ्याचे दगड किंवा जाड ठोकळे घाला. पाण्याच्या नळीने पातळी घ्या आणि ओंडका चढवल्यावर पुन्हा घ्या. एक पाय अर्धा इंच खचला तरी फळी एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ येते. चढवताना ओंडका आपटू देऊ नका. जेसीबीच्या बकेटमधून सोडून दिल्यास बेड वाकतो आणि तो वाक पुढे प्रत्येक फळीत दिसतो. उताराच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही.

बुंध्याकडचे टोक जाड असते. निमुळत्या टोकाखाली पाचर देऊन नार बेडला समांतर करा, म्हणजे फळीत रेषा सरळ येतात.

खिळे, तारा, माती

घराजवळच्या आंब्यात हमखास लोखंड असते: कपडे वाळत घालण्याच्या दोरीचा खिळा, झोपाळ्याचा हूक, कुंपणाची तार, वायरचे ब्रॅकेट. जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंतचा भाग मेटल डिटेक्टरने तपासा. टोकावर निळा-काळा डाग दिसला तर आत जवळच लोखंड आहे असे समजा. सालीत चिकटलेली माती पाण्याने धुवा, नाहीतर पाते जिथे शिरते तिथली साल कुऱ्हाडीने तासा. मातीने पाते जेवढे खराब होते तेवढे लाकडाने होत नाही. पोकळ बुंध्यात मुंग्यांनी, वाळवीने भरलेली मातीही आधी काढा.

रुंद कापात पाते का भरकटते

फळी लाटेसारखी आली की दोष लाकडाला दिला जातो. कारणे बहुधा यांतलीच असतात: पाते बोथट, ताण कमी, दातांची फाक (दात दोन्ही बाजूंना वळवलेले असतात ते अंतर) कमी, गाइड ओंडक्यापासून दूर किंवा वेग जास्त. २०-२६ इंच कापात भुसा बाहेर पडायला वेळ लागतो. दातांमधली खाच भरली की पाते वर-खाली पळते. म्हणून रुंद कापाला दातांमधले अंतर पाऊण इंचापेक्षा एक इंच बरे, आणि ढकलण्याचा वेग अरुंद कापाच्या निम्मा. दातांची फाक प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटरच्या थोडी वर ठेवा. आंबा-फणसाला १० अंश पुढे झुकलेला दात चालतो. ऐन किंवा वाळलेला किंजळ असेल तर ४ ते ७ अंश घ्या. हलणारा गाइड लाकडाच्या एक इंच जवळ आणा.

गाठीवर पाते उचलले गेले तर जोर लावू नका. थांबा, मशीन बंद करा, पाचर मारून काप उघडा, मगच पाते मागे घ्या. फिरते पाते मागे ओढले तर ते चाकावरून उतरते.

फणसाचा चीक पात्यावर साचून पाते जाड होते, तापते आणि ताण उतरतो. पाण्यात भांडी घासण्याचा साबण घालून थेंबथेंब सोडा. तेवढ्याने भागले नाही तर मशीन बंद करून डिझेल लावलेल्या फडक्याने पाते पुसा. स्वच्छ लाकडातही दीड-दोन तासांनी पाते बदलून धार लावा. रात्री ताण सैल करून ठेवा.

वादळात पडलेली झाडे

निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांत पडलेले काही बुंधे अजून बागांत पडून आहेत. त्यांतला आंबा बहुधा कामातून गेलेला असतो. फणसाचा बाहेरचा पांढरा भाग कुजला तरी पिवळा नार शाबूत असू शकतो, म्हणून टोकावरून चार इंचांची चकती कापून पाहा आणि मग ठरवा. मुळांसकट आडव्या पडलेल्या झाडाचा बुंधा तोडताना मुळांचा गड्डा अचानक उभा होतो. त्याच्या खड्ड्यात किंवा मागे कोणी नसल्याची खात्री करा आणि गड्डा साखळीने बांधून मगच कापा.

चिरल्यानंतर

झाड पाडताच टोकांना जुना ऑइलपेंट किंवा मेण लावा, नाहीतर आठवड्यात भेगा पडतात. एक इंची फळी हवी असेल तर एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त चिरा. आंब्याची फळी त्याच दिवशी रचायची. एकावर एक चिकटून राहिली तर दोन दिवसांत निळे डाग धरते. आंब्याला भुंगा लागतो, म्हणून १०० लिटर पाण्यात अडीच किलो बोरिक ॲसिड आणि पावणेचार किलो बोरॅक्स विरघळवून फळ्या रात्रभर बुडवा. हे औषध पावसाने धुऊन जाते, त्यामुळे माल छपराखालीच हवा. पोळपाट किंवा ताटांसाठीच्या लाकडाला ते लावू नका. फणसाच्या नाराला औषधाची गरज नाही.

थप्पी जमिनीपासून दीड फूट वर, सावलीत ठेवा. एक इंची रिपा दीड-दीड फुटावर आणि प्रत्येक थरात अगदी एकावर एक येतील अशा घाला. रीप सरकली की फळी तिथेच वाकते. वर दगडांचे वजन ठेवा. वारा लांबीच्या आडवा आरपार गेला पाहिजे, म्हणून थप्पी भिंतीला टेकवू नका.

चिरताना कानाला मफ, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवा. आंब्याच्या चिकाने आणि भुशाने पुष्कळांच्या हातांवर पुरळ येते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि काम संपताच हात साबणाने धुवा. पाते गुंडाळताना चामडी हातमोजे घाला. चालू मशीनजवळ मात्र सैल मोजे किंवा उपरणे नको.