समुद्राचं धोरण वाचताना विज्ञान कुठलं, मूल्यं कुठली, हे कसं ओळखायचं
मसुदा हातात आला की आधी दोन रंगांची पेनं घ्या. जे मोजता येतं, म्हणजे मासे किती उरलेत, अंडी कधी घालतात, जाळ्यात पिल्लं किती येतात, त्याखाली निळी रेघ मारा, आणि जिथे "पाहिजे", "योग्य", "पुरेसं" दिसेल तिथे लाल, कारण ते कुणीतरी ठरवलेलं असतं.

व्हेलचंच बघा ना. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं, पुढे कोटा, म्हणजे किती व्हेल मारता येतील तो आकडा, काढायची शास्त्रीय पद्धत १९९४ ला मान्यही झाली, तरी बंदी उठली नाही, कारण बऱ्याच देशांना व्हेल मारणंच पटत नाही. हे मूल्य आहे आणि त्यात काहीच गैर नाही, फक्त ते विज्ञानाच्या नावाखाली लपवू नये.

मग विचारा, अंदाज चुकला तर भोगणार कोण? कॅनडात कॉड माशांचा समुद्रातला साठा आहे त्यापेक्षा जास्त धरला गेला, १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली, हजारोंचा रोजगार गेला. म्हणून आकड्यात वर-खाली किती होऊ शकतं ते लेखी मागा, आणि किती धोका पत्करायचा हे ठरवताना मच्छीमारांना पहिल्या बैठकीपासून बसवा, सगळं छापून झाल्यावर नुसतं सहीला बोलावू नका.